सीलबंद वॉटरक्रेस

काटेसाहेबांनी वाढदिवसाचा केक तोलला, त्या संध्याकाळी त्यांच्या बायकोने कपाटावरची बॅग खाली काढली.

केक समोरच्या घरातल्या दातांच्या डॉक्टरांच्या मुलीचा होता. पोरं टेबलाभोवती दाटीवाटीने उभी होती, मेणबत्त्या पेटवायच्या बाकी होत्या आणि खोक्यावर 'एक किलो' असं छापलेलं होतं. काटेसाहेबांना तेवढं पुरलं. ते "आलोच" म्हणून घरी गेले आणि काटा घेऊन परत आले. केक नऊशे चाळीस ग्रॅम भरला.

"जाऊ द्या हो काका," डॉक्टर म्हणाले, "साठ ग्रॅमनं काय होतंय."

"प्रश्न साठ ग्रॅमचा नाही, डॉक्टर. प्रश्न असा आहे, की हे साठ ग्रॅम बेकरीवाल्यानं कमी दिले, की खोकं इकडे येताना वाटेत कुणी खाल्ले."

खोकं डॉक्टर स्वतः घेऊन आले होते. पुढे मेणबत्त्या पेटल्या, टाळ्याही वाजल्या, पण त्या टाळ्यांत पहिल्यासारखा जीव नव्हता.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात त्यांनी एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, वजनं पारखायची, बरोबर असलेल्या काट्याला तार ओवून शिशाचं सील मारायचं आणि चुकीचा काटा उचलून न्यायचा, हा त्यांचा धंदा. मापात पाप करणाऱ्या माणसांत अर्धं आयुष्य गेलं की सरळ माणूसही जरा वाकडाच दिसायला लागतो. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. घरात साबणाची वडी आली की ती आधी तोलली जाई आणि मग हाताला लागे. शंभर मीटरचं दोऱ्याचं रीळ त्यांनी एकदा पूर्ण उलगडून मोजलं होतं. रीळ खरं निघालं, पण तो दोरा अजून सोफ्याखालून निघत असे.

त्यांची बायको सकाळच्या वेळात एका चष्म्याच्या दुकानात काम करी. तिथे तिला सगळे 'बाई' म्हणत, आपणही तेच म्हणू. बाई शांत होत्या. चौतीस वर्षं त्यांनी हे सगळं निमूटपणे सोसलं होतं. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी बॅग पुसून दिवाणखान्यातल्या खुर्चीवर ठेवली.

"ही कशाला काढलीस?" काटेसाहेबांनी विचारलं.

"दिसावी म्हणून."

"कुणाला?"

"तुम्हाला. आजपासून तुम्ही आणखी एका जरी माणसावर संशय घेतलात ना, तर मी ही बॅग उचलून ताईकडे जाणार. आणि परत कधी येईन ते सांगणार नाही."

"अगं, पण साधारण किती दिवस, हे तरी—"

"तेच सांगणार नाही, म्हटलं."

काटेसाहेब मनापासून घाबरले. लेकीच्या बाळंतपणाला बाई तीन आठवडे गेल्या होत्या, तेव्हा शेवटी शेवटी ते चहाच्या किटलीशी बोलू लागले होते. जगातल्या सगळ्या माणसांवर त्यांनी कधी ना कधी संशय घेतला होता, फक्त या एका बाईवर नाही. ती घरात नसली तर विश्वास ठेवायला जवळ माणूसच उरत नव्हतं. त्यांनी शब्द दिला. बॅग खुर्चीवर तशीच राहिली.

आता रिकाम्या माणसाच्या हाताला काहीतरी काम हवं, म्हणून दूर राहणाऱ्या लेकीने तोडगा काढला. तिने कुरिअरने बियांचं एक पाकीट पाठवलं आणि मागोमाग फोन केला.

"बाबा, याला वॉटरक्रेस म्हणतात. बारीक गोल पानांची भाजी असते, पाण्यात वाढते, चवीला जराशी तिखट. पसरट ट्रेमध्ये ओल्या कापसावर बी टाका. तीनच गोष्टी लक्षात ठेवा. पाणी रोज बदला, कडक ऊन लागू देऊ नका, आणि तिला हात लावू नका."

"आणि ही भाजी फसवत नाही ना?"

"भाजी कशी फसवेल, बाबा?"

पाकिटावर 'अंदाजे पाचशे बिया' असं लिहिलं होतं. 'अंदाजे' हा शब्द काटेसाहेबांच्या डोळ्यांत खुपला. चिमट्याने एकेक करून त्यांनी बिया मोजल्या, त्या पाचशे बारा भरल्या. देणाऱ्याने जास्त दिल्याचं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्याचाही त्यांना थोडा संशय आला. पण खुर्चीवर बॅग होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीत पांढरा ट्रे ठेवला गेला. सहाव्या दिवशी कापसावर हिरवे ठिपके दिसले आणि काटेसाहेब आनंदाने शीळ घालू लागले. शीळ बेसूर होती, पण बाईंनी चहा गाळता गाळता कान देऊन ती ऐकली.

घोळ झाला तो तिसऱ्या सूचनेने. 'हात लावू नका.' एकतीस वर्षांत ज्या ज्या दुकानदाराने "साहेब, तेवढ्याला हात लावू नका" म्हटलं होतं, त्या त्या दुकानात नेमकं तिथेच काहीतरी सापडलं होतं. पानं वर दिसत होती हे खरं, पण खाली मूळ धरलंय याला पुरावा काय? काटेसाहेबांनी खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे नमुना तपासणी सुरू केली. रोज सकाळी दहा रोपं चिमट्याने उपटायची, भिंगातून मूळ बघायचं, पट्टीने लांबी मोजायची आणि रोप होतं त्या जागी परत खोचायचं. पाचव्या दिवशी पन्नास रोपांनी माना टाकल्या आणि त्यांच्या संगतीने उरलेलीही पिवळी पडू लागली.

"जरा सुस्तावलीत," काटेसाहेब म्हणाले आणि दुपारी आडवे झाले.

उठून बघतात तर काय, ट्रे हिरवागार. काड्या ताठ, पानं टपोरी, आणि उंची दीड इंचाने वाढलेली. त्यांनी लागलीच लेकीला फोन लावला.

"एका दुपारीत दीड इंच?" लेक म्हणाली. "कसं शक्य आहे, बाबा?"

"रोजच्या रोज लक्ष घालावं लागतं. नुसतं बी टाकून होत नाही."

"आई आहे का तिथे? तिला द्या फोन."

बाई फोन घेऊन गॅलरीत गेल्या आणि बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. काटेसाहेबांच्या ते लक्षातही आलं नाही. ते ट्रेभोवती फेऱ्या मारत होते. एवढं यश एकट्याने पचेना, म्हणून त्यांनी सात-आठ काड्या कापल्या, ओल्या रुमालात गुंडाळल्या आणि समोरच्या डॉक्टरांना नेऊन दिल्या. केकच्या प्रकरणाची तेवढीच भरपाई.

डॉक्टरांनी एक पान तोंडात टाकलं. "वा, काका. अगदी बाजारातल्यासारखी झालीय."

बोलणारा बोलून गेला. काटेसाहेब मात्र जिना ओलांडून घरी येईपर्यंत तीनदा थांबले. अगदी बाजारातल्यासारखी. त्यांनी चिमटा घेतला आणि एक काडी उचलली. काडीला मूळ नव्हतं. दुसरी उचलली, तिलाही नाही. खालचं टोक सुरीने कापावं तसं सरळ होतं आणि भिंगातून बघितलं तर काडीच्या कमरेला बारीक वळ दिसत होता. रबरबँड बांधल्याचा वळ ते शंभर पावलांवरून ओळखत.

कुणीतरी मालाची अदलाबदल केली होती.

एकतीस वर्षांत चांगला माल काढून वाईट घालणारे त्यांनी पोत्याने पाहिले होते. वाईट काढून चांगला घालणारा चोर नवीन होता, म्हणजे जास्तच पोचलेला असणार. पण आता करायचं काय? खुर्चीवरची बॅग दिवाणखान्यातून त्यांच्याकडे बघत होती. बराच विचार करून त्यांनी स्वतःची समजूत घातली, की संशय माणसावर घ्यायचा नाही असा शब्द दिलाय. पडताळणीबद्दल काही बोलणं झालेलं नाही.

पडताळणी डॉक्टरांपासून सुरू झाली. अडीअडचणीला असावी म्हणून घराची एक किल्ली त्यांच्याकडे होती, बारीक चिमटे होते, आणि केकचा राग होता. काटेसाहेब दाताचं निमित्त करून दवाखान्यात गेले. भेटीच्या वहीत डोकावून डॉक्टर आदल्या दिवशी दुपारी कुठे होते ते बघायचं आणि परत यायचं, असा बेत होता. वही पाहून झाली. डॉक्टर दुपारभर एकामागून एक माणसं तपासत होते, म्हणजे ते सुटले. पण काटेसाहेब सुटले नाहीत.

"आलाच आहात तर बसा खुर्चीत," डॉक्टर म्हणाले. "आ करा. मोठा... अहो काका, ही दाढ किती दिवस अशी आहे?"

काटेसाहेब अर्ध्या तासाने घरी आले ते गाल धरून आणि तोंडात कापूस घेऊन.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"दाढ."

"सकाळी तर फुटाणे खात होतात."

"अचानक," काटेसाहेब कापसातून म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काटेसाहेबांनी माळ्यावरची जुनी पेटी काढली. पेटीत तार होती, शिशाच्या गोळ्या होत्या आणि सील मारायची पक्कड होती. त्यांनी ट्रेवर बारीक जाळी ताणली, चार कोपऱ्यांना तार ओवली, तारेला दुहेरी पीळ दिला आणि चार सीलं ठोकली. बाई दुकानातून आल्या आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून खिडकीशी उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"माश्या येतात."

"माश्यांसाठी सील?"

"कुणावरही संशय नाही हं, अगं. नुसती आपली काळजी."

बाईंचा चेहरा उतरला, आणि तो का उतरावा हे काटेसाहेबांना कळेना. रोज सकाळी ते सील तोडत, दहा काड्या उपटून बघत, परत खोचत आणि नवं सील मारत. तिसऱ्या दिवशी जाळीखाली पुन्हा पिवळेपणा दिसू लागला. चोराची वाट बंद झाली होती, आणि तो नसल्यामुळे पीक मरत होतं. या कोड्याने काटेसाहेबांचं डोकं पार चक्रावून गेलं.

त्याच दिवशी डोळ्यांत घालायचं औषध शोधताना त्यांचा हात बाईंच्या पर्समध्ये गेला. पर्सच्या अस्तरावर पाण्याचे डाग पडले होते. आत चष्म्याची एक लांबट डबी होती, दुकानात मिळते तशी. डबीत चष्मा नव्हता. तळाला एक गोल हिरवं पान चिकटलेलं होतं.

काटेसाहेब पलंगाच्या कडेवर बसले. चौतीस वर्षांत ज्या एका काट्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता, तोच हलला होता.

बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येते हो."

"काही आणायचंय?"

"नाही. सहजच."

हातात पिशवी नव्हती, नुसती पर्स होती. कोपऱ्यावर एकच दुकान होतं, भाजीवाल्याचं. आणि हा भाजीवाला म्हणजे काटेसाहेबांच्या नोकरीतला एकुलता एक पराभव. याच्या तबकडीच्या काट्यात खोट आहे हे त्यांना आतून ठाऊक होतं. बारा वर्षांत चौदा वेळा त्यांनी त्याच्यावर धाड घातली. चौदाही वेळा सील शाबूत आणि वजन तंतोतंत. पंधराव्यांदा जाण्याआधी निवृत्तीचा दिवस उजाडला. आणि आज त्यांची बायको त्याच माणसाकडे चोरून चालली होती.

काटेसाहेब मागोमाग निघाले. दुकानाच्या बाजूला बटाट्याची पोती रचलेली होती. छातीइतक्या त्या थप्पीमागे ते वाकून उभे राहिले. पलीकडून बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"वहिनी, आज दोन जुड्या देऊ का? हॉटेलवाल्यांची ताजी आलीय," भाजीवाला म्हणत होता.

"जुड्या घेऊन काय करू? ट्रेला सील ठोकलंय त्यांनी. चारही कोपऱ्यांना."

"शिशाचं?"

"शिशाचंच."

"तारेला दुहेरी पीळ? उजवीकडून डावीकडे?"

"तुम्हाला काय ठाऊक?"

भाजीवाला गालातल्या गालात हसला. "बारा वर्षं माझ्या काट्यावर होतं की ते. तार कापायची नसते, वहिनी. दाभणानं पीळ सैल करायचा, आपलं काम उरकायचं आणि होता तसा आवळून टाकायचा. साहेब आले की सील जागच्या जागी. मी येतो वाटल्यास, दोन मिनिटांचं काम आहे."

काटेसाहेबांचा हात खिशातल्या वहीकडे गेला. बारा वर्षांचं कोडं बटाट्यांच्या पलीकडे उलगडून पडलं होतं, तेही खुद्द गुन्हेगाराच्या तोंडून. एक पाऊल टाकलं की तो हातात होता. पण ते एक पाऊल टाकलं की आपण बायकोच्या पाळतीवर आलो हेही उघड होणार होतं, आणि मग बॅग. एक पाय उचललेला तसाच ठेवून ते उभे राहिले.

"नको," बाई म्हणाल्या. "त्यांच्या वस्तूला दुसऱ्यानं हात लावलेला नाही चालायचा मला."

"आणि तुम्ही लावताय तो?"

"मी काय दुसरी आहे?"

भाजीवाल्याने विचारलं, "पण वहिनी, एवढा खटाटोप कशासाठी? मेली भाजी तर मेली. सांगून टाका की, तुम्हीच उपटून उपटून मारली म्हणून."

"सांगितलं तर ते मानतील असं वाटतं तुम्हाला? आधी पाण्यावर संशय घेतील, मग बियाण्यावर, आणि मग पोरीला फोन करून विचारतील की बी कुठल्या दुकानातून घेतलंस. तिनं इतक्या हौसेनं पाठवलं. आणि खरं सांगू का, आठ महिन्यांनी माणूस सकाळी उठून शीळ घालायला लागला होता हो. आठ महिने ते नुसते खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांच्या पिशव्या बघायचे. मला ते बघवत नव्हतं."

"पण तुम्ही तर ताईकडे जाणार होता म्हणे."

"कुठली जातेय. ताईकडे तीन मांजरं आहेत आणि तिन्ही माझ्या अंगावर झोपतात. रागाच्या भरात बोलून बसले, आता बॅग उचलून ठेवायचीही पंचाईत झालीय."

काटेसाहेबांनी उचललेला पाय हळूच मागे घेतला. आयुष्यभर त्यांनी कमी भरणारी माणसं शोधली. आज त्यांना कळलं की या घरात कमी भरलो ते आपण. ते मागच्या गल्लीने घरी आले. वही खिशातच राहिली.

बाई परत आल्या तेव्हा जाळी निघालेली होती आणि पक्कड पेटीत गेली होती.

"सील काढलंत?"

"माश्या गेल्या."

चिमटाही त्यांनी कपाटात टाकला आणि कपाटाला कुलूप लावलं. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि दुसऱ्या दुपारी नव्या काड्या खोचल्या. काटेसाहेब डोळे मिटून आडवे होते. अवघं घर पालथं घातलं असतं तरी त्यांनी डोळे उघडले नसते.

एवढ्यावर थांबते तर बरं होतं. पण काटेसाहेबांच्या मनात आलं, या उन्हातान्हात तिने किती खेपा घालायच्या? पर्सचं अस्तर खराब होतंय ते वेगळंच. म्हणून बाई सकाळी दुकानात गेल्या की ते बसने दूरच्या बाजारात जात, दोन जुड्या आणत, टोकं सारखी कापून ट्रेमध्ये खोचत आणि रबरबँड जिन्याखालच्या डब्यात टाकत. दुपारी बाई आपल्या काड्या खोचत. त्यात उपटणं थांबल्यामुळे आधीच्या काड्यांनीही खरोखरची मुळं धरली. ही वॉटरक्रेस जातीचीच चिवट, तोडलेली काडी पाण्यात ठेवली तरी चार-सहा दिवसांत मूळ धरते. आठवड्यात ट्रे भरून वाहू लागला. मग दुसरा ट्रे आला, मग भांडी घासायचं घमेलं, मग न्हाणीघरातली बादली. सकाळी पावाबरोबर वॉटरक्रेस, दुपारी वॉटरक्रेस, रात्री वॉटरक्रेसचं सूप. डॉक्टर जिन्यात दिसले की हल्ली पाय उचलून चालत, पुन्हा रुमाल हातात पडेल या भीतीने.

एकदा जेवताना बाईंनी चमचा खाली ठेवला.

"परवा मोठ्या ट्रेमध्ये चाळीस काड्या होत्या. आज शहात्तर आहेत."

"मोजल्यास?"

"सहज."

हे 'सहज' काटेसाहेबांनी लगेच ओळखलं. एकतीस वर्षं ते स्वतः याच आवाजात म्हणत आले होते.

"वाढतात गं," ते म्हणाले. "जिवंत गोष्ट आहे."

"रुंदीत वाढतील. संख्येनं कशा वाढतात?"

"पाण्याचा गुण."

बाईंनी मान हलवली आणि त्या सूप पिऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी मात्र धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशातून त्यांनी एक चुरगळलेलं तिकीट काढलं आणि चष्मा लावून वाचलं.

"तुम्ही बाजाराकडे कशाला गेला होतात?"

"पाय मोकळे करायला."

"बसने?"

काटेसाहेबांना खोकला आला. त्यांच्या लक्षात आलं की हल्ली बाई घरात आल्या की आधी खिडकीशी जातात आणि पाण्यात बोट बुडवून उंची बघतात. परवा त्या भिंग शोधत होत्या. संशयाचंही खोकल्यासारखंच असतं, घरातला एक बरा झाला की दुसरा धरतो. पण हे त्यांना बोलून दाखवायची सोय नव्हती. बोलावं तर दोन जुड्यांचा आणि बटाट्याच्या पोत्यांचा सगळाच इतिहास बाहेर येणार.

त्या मंगळवारी दूरचा बाजार बंद आहे हे त्यांना बसमधून उतरल्यावर कळलं. रिकाम्या हाताने परत यायचं त्यांच्या जिवावर आलं. आदल्याच दिवशी बाई पायरीवरून घसरून गुडघ्यावर पडल्या होत्या, आज तरी त्यांना खेप पडू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. बाईंची दुकानातून यायची वेळ व्हायला अजून अवकाश होता. काटेसाहेबांनी मनाचा हिय्या केला आणि ते कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यासमोर जाऊन उभे राहिले.

भाजीवाल्याच्या हातातला फ्लॉवर खाली पडला. "साहेब? आता काय राहिलं तपासायचं?"

"तपासायला नाही आलो. वॉटरक्रेस द्या. पाव किलो."

"तुम्हाला?"

"मलाच."

भाजीवाला काहीतरी बोलणार होता, पण त्याची नजर बाजूच्या बटाट्याच्या पोत्यांकडे गेली आणि तो गप्प झाला. काटेसाहेबांची नजर त्याच्या नजरेमागून गेली. पोत्यांच्या थप्पीखालून चपलेची दोन टोकं दिसत होती. डाव्या चपलेचा पट्टा मागच्याच आठवड्यात त्यांनी स्वतः शिवून आणला होता. दुकानातून लवकर निघून, दुखऱ्या गुडघ्याने नवऱ्याच्या मागावर येऊन, बाई वाकून त्याच जागी उभ्या होत्या जिथे पंधरा दिवसांपूर्वी ते उभे होते.

काटेसाहेबांनी नजर वळवली. भाजीवाला वॉटरक्रेस काट्यावर ठेवत होता, आणि ठेवता ठेवता त्याचा अंगठा पारड्याच्या कडेवर टेकला. लोण्यावर सुरी टेकावी तसा सहज आणि सफाईने. तबकडीवरचा काटा सरकत पाव किलोच्या रेघेवर आला आणि थांबला. बारा वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला तो क्षण एका हातावर होता, आणि पोत्यांमागे बॅगेची मालकीण उभी होती.

"बरोबर आहे ना, साहेब? बघून घ्या," भाजीवाला म्हणाला.

काटेसाहेबांनी अंगठा पाहिला. मग पिशवीचं तोंड उघडून ती पुढे केली आणि पोत्यांपलीकडे नीट ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "बघायचं काय त्यात? माझा विश्वास आहे तुमच्यावर."

चपलेची टोकं चुळबुळली. एकदा मागे गेली, पुन्हा पुढे आली. थप्पीवरचा एक बटाटा गडगडत रस्त्यावर आला.

"अहो," पोत्यांमागून बाईंचा आवाज आला, "त्याचा अंगठा बघा."

भाजीवाल्याने चटका बसल्यासारखा हात उचलला. काटा मागे आला आणि बरोबर साठ ग्रॅम कमी दाखवू लागला. बाई गुडघा चोळत पोत्यांमागून बाहेर आल्या. केसांना बटाट्याची माती लागली होती. नवऱ्याच्या हातातली पिशवी त्यांनी पाहिली, पारड्यातल्या रबरबँड बांधलेल्या जुड्याही पाहिल्या, आणि काय समजायचं ते समजून त्या गालातल्या गालात हसल्याही. पण डोळे काट्यावरून हलले नव्हते.

काटेसाहेबांनी बायकोच्या केसांतली माती हलक्या हाताने झटकली.

"चल घरी," ते म्हणाले. "जाऊ दे गं. साठ ग्रॅमनं काय होतंय."

"प्रश्न साठ ग्रॅमचा नाही," बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसून त्या काट्यावर वाकल्या.